डाव्या पायाची सवय

"मॅडम, पुढं येवढा रस्ता मोकळा हाय, मग माजा टेम्पो कशाला हलवायचा?"

आषाढातला पाऊस पत्र्यांवर कोसळत होता, मी भिजून आधीच वैतागले होते, आणि हा माणूस टेम्पोच्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळत मला फोर्कलिफ्ट चालवायला शिकवत होता. दोनदा सांगितलं होतं, टेम्पो मागे घ्या. तिसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही. मी स्टिअरिंग फिरवलं. फोर्कलिफ्टची वळतात ती मागची चाकं, त्यामुळे पुढचे काटे जेमतेम हलतात आणि मागचं लोखंडी धूड गर्रकन बाजूला जातं. ते धूड मी त्याच्या हेडलाइटपासून वीतभर अंतरावर थांबवलं. मुद्दामच.

तो खाली उतरला. त्या वीतभर अंतराकडे बघितलं, मग माझ्याकडे... आणि पावसात उभा राहून इतका मनापासून हसला, की माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

"हिचं तोंड मागं हाय, हे आधी सांगायचं ना."

"दोनदा सांगितलं."

"हो, पण रागात सांगितलंत. रागावलेलं माणूस काय बोलतं ते मला ऐकूच येत नाय — मी नुसता बघत राहतो."

असल्या बोलण्याला मी सहसा भीक घालत नाही. त्या दिवशीही घातली नाही. पण कपाळावरचं पाणी पुसायच्या निमित्ताने तोंड ओढणीत लपवावं लागलं, हे खरं.

त्याचं नाव महिपत. लांज्याच्या आतल्या बाजूचं गाव. तिथल्या वखारीतून तो आमच्या कारखान्यात ड्रम रचायची लाकडी पॅलेट आणून टाकायचा. एवढ्या तरुण माणसाला हे नाव कुणी दिलं असं विचारलं, तर म्हणाला, आजोबा गेले आणि मी झालो, चांगलं चालू नाव फुकट जायला नको म्हणून मला लावलं. माझं नाव मनस्वी, असं मीही सांगून टाकलं. विचारलं नव्हतं त्याने.

आमचा कारखाना आंब्याच्या रसाचा, रत्नागिरीच्या एमआयडीसीत. हंगाम संपला की रसाने भरलेले ड्रम खालच्या गोदामात रचलेले असतात आणि सगळा पावसाळाभर ते वर कंटेनरमध्ये चढवायचे असतात. गोदाम खाली, कंटेनर वर, आणि मध्ये चिऱ्याचा चढ. कोकणात सपाट जागा मिळते कुणाला? त्या चढावर पावसाळ्यात शेवाळ धरतं. त्या चढावर माझा भाऊ गेला.

नितेश. दोन वर्षं झाली. तो आधी टेम्पो चालवायचा, मग कारखान्यात फोर्कलिफ्टवर कायमचा लागला, तेव्हा आईने सत्यनारायण घातला होता. फोर्कलिफ्टला तीन पेडल असतात. उजवं वेगाचं, मधलं ब्रेकचं, आणि डावं... डावं दिसतं हुबेहूब क्लचसारखं, पण तो क्लच नव्हे. त्याला इंचिंग म्हणतात. थोडं दाबलं की चाकांना मिळणारी इंजिनाची ताकद तुटते, आणखी दाबलं की ब्रेक लागतो. रॅकजवळ सपाटीवर त्याचं काम. इंजिन जोरात ठेवून काटे भराभर वर न्यायचे आणि गाडी मात्र इंचाइंचाने पुढे सरकवायची, तेवढ्यासाठी ते असतं. चढावर त्याला पाय लावायचा नाही. पूर्ण दाबलं तर गाडी थांबेल, पूर्ण सोडलं तर चढेल, अर्ध्यावर ती कुणाचीच नसते. नितेशने भर चढावर थांबताना ते अर्धं दाबून धरलं, घाटात टेम्पो धरायचा तसंच. चार ड्रमांच्या ओझ्यासकट गाडी मागे आली, चाक गटारात गेलं, ती कलंडू लागली आणि त्याने बाहेर उडी मारली. मारायची नसते. पट्टा लावून आत बसून राहायचं असतं. ती त्याच्याच अंगावर पडली.

हंगामाचे शेवटचे दिवस होते. मी आत आंबे निवडत होते. आवाज ऐकला.

नंतर कारखान्याने घरातल्या एकाला नोकरी देऊ केली, तेव्हा मी तीच मशीन मागितली. लोक म्हणाले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण मला त्या डाव्या पेडलचा राग होता, आणि ज्याचा राग येतो ते मला मुळापासून समजून घ्यावंच लागतं. दुरुस्ती बघणाऱ्या काशीराम मेस्त्रींनी मला शिकवलं. आई त्यावर एक शब्द बोलली नाही. रोज संध्याकाळी मी पावस गावच्या वळणावर एसटीतून उतरते, घरच्या पायऱ्या चढते, तेव्हा ती आतून फक्त विचारते, "आलीस?" नितेशचं नाव तिने त्या दिवसापासून घेतलं नव्हतं.

महिपतला यातलं काही माहीत नव्हतं. तो आठवड्यातून तीनदा यायचा, पुढे पुढे पाच वेळा यायला लागला. लांज्यात एवढी पॅलेट एकदम कुठून तयार होतात, असं मेस्त्रींनी मला विचारलं. मी काय सांगणार?

आमच्याकडच्या टेम्पोवाल्यांचा एक खेळ आहे. घाटात चहाला थांबले की चढावर गाडी उभी करायची, मागच्या चाकाला टेकवून नारळ ठेवायचा, आणि हँडब्रेक न लावता, नुसत्या अर्ध्या क्लचवर गाडी तिथल्या तिथे धरून मग पुढे काढायची. नारळ फुटला तर सगळ्यांचा चहा त्याने द्यायचा. एका दुपारी कारखान्याबाहेरच्या टपरीवर महिपतने मला थांबवलं, काहीतरी दाखवायचंय म्हणाला. सोललेला नारळ चाकामागे ठेवला. टेम्पो नुसता थरथरत उभा राहिला, ना पुढे, ना मागे, आणि मग हळूच वर निघून गेला. टपरीवरची माणसं टाळ्या वाजवत होती. तो नारळ घेऊन माझ्यापुढे आला.

"घ्या. बायकोला द्यायचा असतो म्हणतात. मला बायको नाय, म्हणून —"

"माझ्या भावाचा पण कधी फुटला नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. तिथेच, टपरीवर, सगळ्यांदेखत.

त्याने नारळ तसाच हातात धरला होता. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा टेम्पो हँडब्रेकवर उभा केला, शिवाय चारी चाकांना दगड लावले. लहान मुलासारखा एकेक दगड नीट दाबून बसवत होता. मला वाटतं, मी प्रेमात पडले ती तेव्हा.

मग पाऊस, चहा, आणि बोलणं... ते सगळं इथे सांगत नाही. सांगण्यासारखं म्हणजे एवढंच, की 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही, आणि श्रावण लागताना त्याने सांगितलं की टेम्पोचा मालक गणपतीआधी टेम्पो विकणार आहे. गुजरातेत मुंद्र्याला त्याचा मावसभाऊ बंदरावर ट्रेलर चालवतो, तिथे काम मिळेल. नाहीतर —

"नाहीतर काय?"

"तुमच्याकडं दुसरा ऑपरेटर घेणार हायेत ना? कायम झालो, तर गणपतीत तुजे बाबा मुंबईहून आले की भेटतो त्यांना. टेम्पो गेलेल्या माणसाला कोण मुलगी देणार? पण नोकरी असंल तर..."

मला आनंद झाला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. ती भीती मी त्याला सांगितली. तो म्हणाला, तू शिकव ना. तू शिकवलंस तर चुकायची काय बिशाद माझी?

मॅनेजरची हरकत नव्हती. शिकवायचं मी, आणि मी 'हो' म्हटलं की मेस्त्री त्याला घेणार, असं ठरलं. ट्रायल श्रावण संपताना.

रोज दुपारी ड्रमांची घाई संपली की तो सीटवर आणि मी शेजारी पायरीवर. दांड्यांचं त्याला एका दिवसात जमलं. पहिला दांडा मागे ओढला की काटे वर, पुढे ढकलला की खाली. दुसरा दांडा काट्यांचा खांब कलवायला. ओझं उचललं की खांब आपल्याकडे झुकवायचा, म्हणजे ड्रम पुढे घसरत नाहीत.

"म्हणजे ओझं छातीशी धरायचं," तो म्हणाला, आणि समोर बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं.

"समोर बघ."

"समोर नुसते ड्रम हायेत."

"ड्रमच बघायचेत."

त्याचा हात दांड्यावर होता आणि माझा त्याच्या हातावर. किती हळू ओढायचं ते शब्दांत सांगता येत नाही, असं मी मनाला सांगितलं होतं. तेवढं काही खरं नव्हतं. काटे वर जात राहिले, पार वरच्या रॅकपर्यंत, आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही की उचलायचं ओझं खालीच राहिलंय. लांबून मेस्त्री खोकले. आठवून आताही मला लाज वाटते, आणि हसूही येतं.

पायांचं मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. चढ लागला की डावा पाय मागे, सीटखाली घ्यायचा, असा नियमच केला. थांबायचं तर उजव्या पायाने ब्रेक, मग हँडब्रेक. तो चढाच्या पायथ्याशी आला की मोठ्याने म्हणायचा, "डावा पाय मागं, मॅडम," आणि सलाम ठोकायचा. ओझं चढाच्या बाजूला ठेवून वर जाणं, तसंच उलटं खाली येणं, सगळं बिनचूक. मी मनातल्या मनात गणपतीची तयारी करायला लागले होते. बाबांना ओटीवर बसवायचं, हा समोर बसेल, काय बोलायचं, काय बोलायचं नाही...

एका संध्याकाळी तो भरलेलं पॅलेट घेऊन चढावर होता आणि मी बाजूने चालत होते. वरून एक बाई हातगाडी घेऊन अचानक आडवी आली. तो थांबला. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागे सरकली. दोन हात. मग ब्रेक कचकन लागला.

बाई पुढे निघून गेली. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. मी गाडीच्या पायरीवर चढून आत बघितलं.

"डावा पाय," मी म्हटलं.

"कुठं? मागंच हाय की."

त्याने खाली बघितलं. पाय पेडलवर होता. माझ्याकडे बघून तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यातच राहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

पुढचे दिवस मी त्याला छळलं. भर चढावर मध्येच ओरडायची, थांब. कधी पाय मागेच राहायचा, कधी पेडलवर जायचा. सांगून थांबवलं तर कधीच चुकायचा नाही. न सांगता थांबवलं की डोक्याच्या आधी पाय धावायचा. मेस्त्रींना विचारलं, सवय सुटेल ना? ते इंजिनात डोकं घालून होते. म्हणाले, "अगो बाय, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाय म्हणतात. काहींची जाते. कधी जाईल ते मला विचारू नको."

ट्रायलच्या दिवशी महिपत नवा शर्ट घालून आला. मॅनेजर छत्री धरून उभे होते. त्याने पट्टा लावला, हॉर्न दिला, काटे अलगद पॅलेटखाली घातले, उचलून खांब मागे झुकवला, आणि चढ असा चढला की माझ्याच्यानेही तसं झालं नसतं. वर गेला, कंटेनरमध्ये पॅलेट भिंतीला लावून ठेवलं, उलटा खाली आला. एकदाही काही चुकलं नाही. मॅनेजर छान म्हणाले आणि पावसाला कंटाळून आत गेले. उरलो आम्ही तिघं.

मेस्त्रींनी विचारलं, "काय गो? घेऊ?"

महिपत माझ्याकडे बघत होता. तोंड कसं फुललं होतं त्याचं. एवढा एक शब्द बोलायचा होता मला, आणि गणपती, बाबा, ओटी, पुढचं सगळं आयुष्य माझं होतं. तो शब्द मला हवा होता. आयुष्यात दुसरं काही एवढं हवंसं वाटलेलं मला आठवत नाही.

"नाही," मी म्हटलं.

मेस्त्रींनी मान हलवली आणि ते निघून गेले. महिपत गाडीवरून उतरला नाही. शेडखाली पावसाचा आवाज एवढा होता, की त्याला पुन्हा मोठ्याने विचारावं लागलं.

"काय चुकलं माजं?"

"आज काही नाही."

"मग?"

"आज तुला माहीत होतं, सगळे बघतायत. रोज कुणी बघणार नाही."

"हे नितेशसाठी करतेस तू. माज्यासाठी नाय."

"हो," मी म्हटलं. "त्याच्यासाठीच. मी त्याला त्या गाडीखाली बघितलंय, महिपत. तुला बघणार नाही."

"माज्या जागी दुसरा कुणी असता तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "दुसरा असता तर कदाचित हो म्हटलं असतं. आणखी थोडं शिकवलं असतं, लक्ष ठेवलं असतं. दुसऱ्याच्या बाबतीत मला एवढं भ्यायचं कारण नव्हतं. तू मला हवायस... म्हणून नाही म्हटलं. तू मुंद्र्याला बसून माझ्यावर रुसलास तर मी सोसेन."

माझं पहिलं प्रेम मी असं कबूल केलं. असं कुणी करतं का? तो खाली उतरला, किल्ली माझ्या हातात दिली, बोटाला बोट लागू दिलं नाही, आणि पावसातून सरळ फाटकाकडे गेला. मी त्याच गाडीवर बसून उरलेले ड्रम चढवले. समोरचं नीट दिसत नव्हतं, पण पाय आपलं काम करत होते.

पुढचे चार-पाच दिवस पॅलेट दुसराच कुणी आणत होता. मग एका दुपारी मी एसटीची वाट बघत होते, तर तो समोरून चालत आला. पाठीवर बॅग. टेम्पो विकला गेला होता आणि मुंद्र्याला जायची त्याची संध्याकाळची गाडी होती. माझ्याशेजारी उभा राहिला, रस्त्याकडे बघत.

"काल टेम्पोची शेवटची फेरी होती. हातखंब्यापासून लांज्यापर्यंत पायाकडं लक्ष ठेवून गेलो," तो म्हणाला. "येवढी वर्षं कधी बघितलं नव्हतं. तो माजं ऐकतच नाय गो. मी ठरवायच्या आधी जाऊन बसलेला असतो. तू म्हणालीस ते खरं हाय." त्याने बॅगेचा पट्टा सारखा केला. "राग तरी असता, तर जायला सोपं गेलं असतं. आता तोही नाय."

"मग थांब."

"कशाच्या जिवावर थांबू?"

लांज्यात काम नव्हतं, रत्नागिरीत जे होतं त्याला मीच नाही म्हटलं होतं. त्याने माझा हात धरला, भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत असताना, आणि एसटी येईपर्यंत सोडला नाही. मी म्हटलं, मी वाट बघणार आहे, तू सांग किंवा नको सांगू. तो म्हणाला, नको बघूस, कधी यायला जमेल ते मलाच माहीत नाही. हे बोलताना त्याने हात जरा आणखी घट्ट धरला. एसटी आली, कंडक्टरने घंटी मारली, आणि मी चढले.

गणपतीला बाबा आले. एका स्थळाबद्दल बोलले. मुलगा देवगडचा, बरा होता म्हणे. मी आत्ता नको म्हटलं, आणि त्यांनीही फार ताणलं नाही. ओटीवर कोणी आलं नाही. विसर्जन झालं, बाबा परत गेले, आणि मुंद्र्याकडून ना फोन ना काही. मी रोज कामावर जात होते आणि रोज आई विचारत होती, आलीस?

मग एका रविवारी सकाळी फोन वाजला. त्याचा मेसेज. 'आजारी होतो. आता बरा आहे. ट्रेलरवर लागलो.' एवढंच. मी ते वाचलं, परत वाचलं, आणि चुलीपाशी बसून रडायला लागले.

आई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने विचारलं, कोण? मग मी सगळं सांगितलं. महिपत, टेम्पो, चढ, डावा पाय, आणि मी नाही म्हटलं ते. ती पाखडायची थांबली नाही. माझं बोलणं संपल्यावर मात्र सूप मांडीवर ठेवलं.

"माज्या नितेशला नाय म्हणणारं कोणी नव्हतं," ती म्हणाली.

दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं. तिने पदराने माझे डोळे पुसले, जरा जोरातच, आणि जमिनीवर पडलेला फोन उचलून माझ्या हातात दिला.

"रडतेस काय? जिता हाय ना तो? लिव त्याला कायतरी. वाट बघत असंल."

काय लिहावं ते मला सुचेना. एवढ्या दिवसांत मनात केवढं साठवलं होतं, त्यातलं एक वाक्य हाताशी येईना. शेवटी मी लिहिलं, जेवलास का?